विषाणूचं आवरण, पेशीचं मरण

पुण्याजवळ भोसरीच्या एमआयडीसीत, लेथ आणि प्रेस शॉपच्या गाळ्यांच्या गर्दीत, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची एक संस्था आहे. १९९२ साली ती राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून स्थापन झाली. आता तिच्या अधिकृत नावात विषाणूशास्त्रही आलं आहे, पण लोक तिला अजून 'नारी'च म्हणतात. ती स्थापन झाली त्या सुमारास जगभरच्या प्रयोगशाळांना एका प्रश्नानं पछाडलं होतं. एचआयव्हीची लागण झालेल्या माणसाच्या रक्तातल्या रोगप्रतिकाराच्या सीडी-४ टी-पेशी वर्षागणिक कमी होत जातात, हे सगळ्यांना दिसत होतं. पण याच पेशी तपासल्या तर विषाणू खरोखर आत शिरलेल्या पेशी अगदी थोड्या निघत, बहुतेक वेळा शंभरात एकही नाही. मग बाकीच्या कशानं मरतात?

संशयाची सुई पहिल्यापासून विषाणूच्या आवरणावरच्या प्रथिनाकडे होती. त्यावर गेल्या चाळीस वर्षांत जे काम झालं, त्यातून एक नव्हे, चार-पाच उत्तरं पुढे आली आणि ती सगळी एकमेकांशी जुळत नाहीत. ती इथे मांडायची आहेतच. पण त्याआधी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. यातली बरीचशी उत्तरं ज्या विषाणूवर काढली गेली, तो पिंपरी-चिंचवडच्या किंवा चाकणच्या रुग्णांच्या रक्तात सापडणारा विषाणू नव्हे. हा फरक पुण्यातल्याच संशोधकांनी २००० साली दाखवून दिला होता आणि माझ्या मते संपूर्ण प्रश्नाकडे बघण्याची किल्ली तिथेच आहे.

पेशी दोन तऱ्हांनी मरते हे आपण बरेच दिवस धरून चाललो होतो. इजा झाली, विष लागलं, रक्तपुरवठा तुटला की ती फुगते, फुटते आणि आजूबाजूला दाह होतो. दुसऱ्या तऱ्हेत ती स्वतःच स्वतःचा गाशा गुंडाळते. १९७२ मध्ये जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलास्टेअर करी यांनी या दुसऱ्या मरणाला ॲपॉप्टोसिस हे नाव दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखता येतं. पेशी आकसते, शेजारच्या पेशींपासून सुटी होते. केंद्रकातला गुणसूत्रांचा ऐवज घट्ट होऊन कडेला सरकतो. पटलावर फुगे येतात आणि शेवटी पेशीचे पटलात बांधलेले लहान तुकडे उरतात, ते भक्षक पेशी गिळून टाकतात. या सगळ्यामागे कॅस्पेज नावाची विकरं असतात. पेशीतली शेकडो प्रथिनं ती ठरावीक जागी कापत जातात.

प्रयोगशाळेत हे मरण मोजण्याची पद्धत साधी आहे आणि ती समजून घेतली की पुढचे वाद कळायला सोपे जातात. जिवंत पेशीच्या पटलाला दोन थर असतात. फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद नेहमी आतल्या थरात राहतो. मरण सुरू झालं की तो बाहेरच्या थरात येतो. ॲनेक्सिन-व्ही हे प्रथिन त्याला नेमकं चिकटतं. त्याला हिरवा चमकणारा रंग जोडायचा, पेशींत मिसळायचा आणि पेशी एकेक करून फ्लो सायटोमीटरच्या लेझरसमोरून सोडायच्या. पडद्यावर ठिपके उमटतात. डावीकडे खाली जिवंत पेशींचा दाट पुंजका आणि त्याच्या उजवीकडे हिरव्या रंगाच्या, मरू लागलेल्या पेशींचा दुसरा. काही तासांनी याच पेशी प्रोपिडियम आयोडाइडचा लाल रंगही आत घेऊ लागतात. पटल फुटल्याची ती खूण. अशाच यंत्रावर एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचारांच्या, केंद्रातल्या रुग्णाच्या सीडी-४ पेशीही मोजल्या जातात. पेशी किती उरल्या आणि किती मरताहेत, हे दोन्ही सांगण्याची ताकद एकाच यंत्रात आहे. दवाखान्यात आपण पहिला आकडा विचारतो, हा लेख दुसऱ्या आकड्याबद्दल आहे.

आता आवरणाकडे येऊ. एचआयव्हीचं आवरण म्हणजे मूळ पेशीच्याच पटलाचा तुकडा. विषाणू बाहेर पडताना तो पांघरून येतो. त्यावर विषाणूचे स्वतःचे प्रथिनांचे काटे असतात, एका कणावर सरासरी चौदाच्या आसपास. फ्लूच्या विषाणूवर शेकडो असतात, त्या मानानं हे फारच थोडे. प्रत्येक काटा तीन जोड्यांचा. प्रत्येक जोडीत बाहेरचं जीपी-१२० आणि पटलात रुतलेलं जीपी-४१. पेशीत ही दोन्ही जीपी-१६० या एकाच लांब साखळीच्या रूपात तयार होतात आणि मग फ्युरिन हे विकर त्यांचे दोन तुकडे करतं. जीपी-१२० आधी सीडी-४ या रिसेप्टरला धरतं. धरल्यावर त्याचा आकार बदलतो आणि दुसऱ्या रिसेप्टरला, म्हणजे सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ ला, चिकटणारी जागा उघडी पडते. ती जोडणी झाली की जीपी-४१ चं टोक पेशीच्या पटलात घुसतं, मग ते स्वतःवरच दुमडतं आणि दोन पटलं ओढून एक करतं. पेशीचं दार उघडलं. सीडी-४ हा विषाणूचा रिसेप्टर आहे हे कळलं १९८४ मध्ये, जोडीचे दोन रिसेप्टर १९९६ मध्ये. मधल्या बारा वर्षांत जे प्रयोग झाले त्यांना निम्मं दारच माहीत होतं, हे लक्षात ठेवून ते वाचावे लागतात.

पहिला पुरावा १९८६ चा. लागण झालेली पेशी आपल्या पृष्ठभागावरही हे काटे मिरवते. शेजारच्या निरोगी सीडी-४ पेशीला ते भिडले तर विषाणूऐवजी सबंध पेशीच दुसऱ्या पेशीत विलीन होते. तिच्यात तिसरी, चौथी, दहावी. सूक्ष्मदर्शकाखाली डझनावारी केंद्रकांचा एक अजस्र गोळा दिसतो, त्याला सिन्सिशियम म्हणतात. असा गोळा फार काळ जगत नाही. त्या वर्षी दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की यासाठी अख्खा विषाणू लागतच नाही. पेशीला फक्त आवरण प्रथिनाचं जनुक दिलं तरी गोळे होतात आणि मरतात. पुढे पॅरिसजवळच्या गीडो क्रोमर यांच्या गटानं या मरणाची आतली वाट शोधली. एका पटलात अनेक केंद्रकं अडकली की पेशीविभाजनाची यंत्रणा अवेळी सुरू होते. पी-५३ या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का बसतो. बॅक्स हे प्रथिन तंतुकणिकांकडे जाऊन त्यांचं पटल भोकसतं. त्यांतून सायटोक्रोम-सी सांडतं आणि कॅस्पेज कामाला लागतात. आवरण प्रथिनापासून केंद्रकाच्या विघटनापर्यंतची साखळी इतकी तपशिलात आणखी कुठे क्वचितच उलगडली गेली असेल.

दुसरं उत्तर संकेतांचं. लागण झालेल्या पेशींवरून जीपी-१२० सुटून आजूबाजूच्या द्रवात पसरतं. ते निरोगी पेशीच्या सीडी-४ ला चिकटलं आणि प्रतिपिंडांनी असे बरेच रेणू एकत्र बांधले, तर ती पेशी लगेच मरत नाही, पण मरायला तयार होते. पुढच्या वेळी तिला जागं करणारा संदेश आला की ती लढण्याऐवजी ॲपॉप्टोसिसनं संपते. हे १९९२ मध्ये दाखवलं गेलं. मेंदूच्या पेशींवरही जीपी-१२० चा असा परिणाम दिसला आणि एड्सच्या रुग्णांत येणाऱ्या स्मृतिभ्रंशाशी तो जोडला गेला. या उत्तराबद्दल माझं मत मात्र सावध आहे. प्रयोगांत वापरलेलं जीपी-१२० चं प्रमाण बहुतेक वेळा रुग्णाच्या रक्तात आढळतं त्याहून पुष्कळ जास्त होतं. लसिकाग्रंथीत, लागण झालेल्या पेशीला अगदी लागून, ते तेवढं असू शकेल. पण ते तिथे मोजून दाखवायला हवं.

लागण झालेल्या पेशीच्या आत काय होतं, ही स्वतंत्र गोष्ट आहे. तिथे नवं आवरण प्रथिन आणि पेशीचं स्वतःचं सीडी-४ एकाच कारखान्यात, अंतर्द्रव्यजालिकेत, तयार होतात आणि तिथेच एकमेकांना चिकटून बसतात. अडकलेल्या जोड्यांचा ढीग साचला की पेशीवर ताण येतो. विषाणूची नेफ आणि व्हीपीयू ही प्रथिनं सीडी-४ नष्ट करत राहतात, त्यामागे हे एक कारण असावं. विषाणूला आपली पेशी फार लवकर मरू द्यायची नसते. एका लागण झालेल्या टी-पेशीचं आयुष्य रुग्णात जेमतेम दोन दिवसांचं असतं, तेवढ्यात त्याला आपलं काम उरकायचं असतं.

यानंतर १९९५ मध्ये टेरी फिंकेल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि सगळ्या चर्चेचा रोख बदलला. एचआयव्हीबाधित मुलांच्या आणि एसआयव्ही या एचआयव्हीसारख्याच विषाणूनं बाधित माकडांच्या लसिकाग्रंथींचे काप घेऊन त्यांनी एकाच वेळी दोन गोष्टी रंगवल्या, कुठल्या पेशीत विषाणू आहे आणि कुठली पेशी ॲपॉप्टोसिसनं मरते आहे. दोन्ही रंग एकाच पेशीत क्वचितच सापडले. मरणाऱ्या बहुसंख्य पेशींत विषाणू नव्हता, त्या फक्त लागण झालेल्या पेशींच्या शेजारी होत्या. तेव्हापासून प्रश्न 'विषाणू आपली पेशी कशी मारतो' एवढाच राहिला नाही. 'शेजारची कशी मारतो' हा त्याहून मोठा प्रश्न झाला.

इथे पुण्याकडे यायला हवं. १९९३ पासून नारीनं पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या लोकांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९९७ मध्ये रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधानं देशाला हादरा दिला. देहविक्रयाशी संबंध नसलेल्या, बहुतांश विवाहित आणि एकाच जोडीदाराशी संबंध असलेल्या बायकांत, या दवाखान्यांतल्या तपासण्यांमध्ये लागणीचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. आजार घरात पोहोचला होता. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतले चालक, भोसरी-चाकणच्या कारखान्यांत बाहेरगावाहून आलेले कामगार आणि त्यांच्या गावाकडच्या बायका, सगळ्यांपर्यंत. याच रुग्णांच्या रक्तातून विषाणू वेगळे केले गेले आणि त्यांचं आवरण तपासलं गेलं.

२००० साली राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डी. सेसिलिया आणि डी. ए. गाडकरी यांनी नारीच्या रमेश परांजपे, गंगाखेडकर आदींबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. युरोप-अमेरिकेत बी उपप्रकाराचा विषाणू असतो. तो आजाराच्या सुरुवातीला सीसीआर-५ वापरतो, पण साधारण निम्म्या रुग्णांत पुढे बदलतो आणि सीएक्ससीआर-४ वापरू लागतो. बदललेला विषाणू पेशींचे मोठे गोळे करतो आणि सीडी-४ पेशी झपाट्यानं घटतात. पुण्याच्या रुग्णांत सी उपप्रकार होता. आजार पुढे गेलेल्या रुग्णांतही त्यांना हा बदल आढळला नाही. विषाणू शेवटपर्यंत सीसीआर-५ लाच धरून राहिला होता आणि प्रयोगशाळेत पेशींचे गोळे करत नव्हता. तरीही हे रुग्ण एड्सच्या अवस्थेला पोहोचत होतेच.

या एका निरीक्षणाचं वजन पुरेसं ओळखलं गेलं नाही, असं मला वाटतं. सिन्सिशियमचं मरण, सीएक्ससीआर-४ मधून जाणारे मरणसंकेत, त्यानंतर सापडलेलं आत्मभक्षणाच्या वाटेचं मरण, यातलं बहुतेक काम प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या, सीएक्ससीआर-४ वापरणाऱ्या बी उपप्रकाराच्या विषाणूंवर झालं होतं. ते काम चुकीचं नाही. पण जगात एचआयव्हीच्या जवळपास निम्म्या लागणी सी उपप्रकाराच्या आहेत, आणि त्या मुख्यतः भारतात आणि आफ्रिकेच्या दक्षिणेत आहेत. त्या रुग्णांच्या पेशी गोळे न होताही मरत असतील, तर गोळा होणं हे मरणाचं मुख्य कारण असू शकत नाही.

मग सीसीआर-५ वापरणारा विषाणू एवढ्या पेशी कशा संपवतो? याचं उत्तर रक्तात नव्हतं, आतड्यात होतं. रक्तातल्या सीडी-४ पेशींपैकी थोड्यांवरच सीसीआर-५ असतो. आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ पेशींपैकी बहुतेकींवर तो असतो, आणि शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींचा फार मोठा साठा तिथे आहे. रक्तात तर त्यांतल्या जेमतेम दोन टक्के असतात. २००४ मध्ये रुग्णांच्या आतड्यांच्या तुकड्यांवरून आणि २००५ मध्ये माकडांवरच्या दोन अभ्यासांवरून स्पष्ट झालं की लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या या पेशींचा बहुतांश भाग नाहीसा होतो. रक्तातला आकडा तेव्हा चांगला दिसत असतो. माकडांवरचे ते दोन अभ्यास एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. त्यांतल्या एकानं विषाणू थेट शिरलेल्या पेशींच्या मरणावर भर दिला, दुसऱ्यानं लागण न झालेल्या शेजारच्या पेशींच्या ॲपॉप्टोसिसवरही. पहिल्या आठवड्यांत दोन्ही चालू असतं, असं मानायला जागा आहे.

दार उघडण्याच्या क्षमतेवर सगळं अवलंबून आहे, याचा सर्वांत पटणारा पुरावा मला एका औषधातून आलेला वाटतो. एन्फुविरटाइड हे जीपी-४१ चं दुमडणं रोखणारं इंजेक्शन २००३ मध्ये आलं. काही रुग्णांत विषाणू त्याला दाद देईनासा झाला. जीपी-४१ मधलं ३८ क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललेलं होतं. अशा काही रुग्णांत विषाणू रक्तात वाढत असूनही सीडी-४ पेशी कमी न होता टिकल्या, काहींत वाढल्याही. हिमांशु गर्ग, अंजली जोशी आणि रॉबर्ट ब्लुमेन्थाल यांच्या कामातून याचा अर्थ लागतो. जीपी-४१ नं दोन पटलांचे फक्त बाहेरचे थर एक केले आणि तिथेच थांबलं, तरीही समोरच्या पेशीत कॅस्पेज-३ जागं होतं आणि ती मरते, असं त्यांनी मांडलं. बदललेल्या जीपी-४१ ची पटलं जोडण्याची ताकद कमी असते, म्हणून शेजारच्या पेशी वाचतात. २०११ मध्ये जोशी आणि गर्ग यांनी आणखी एक दाखवलं. सीसीआर-५ वापरणारं आवरणही शेजारच्या पेशी मारतं, पण समोरच्या पेशीवर सीसीआर-५ किती आहेत आणि आवरण किती जोरानं जोडणी करतं यावर ते ठरतं. पुण्याचं २००० सालचं निरीक्षण आणि आतड्याची गोष्ट इथे जोडली जाते.

यानंतर मात्र एक नवा पेच आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉर्नर ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत गिलाड डॉइट्श आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी टॉन्सिलचे तुकडे जिवंत ठेवून त्यांत विषाणू सोडला. २०१४ मध्ये त्यांनी मांडलं की मरणाऱ्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पेशी ॲपॉप्टोसिसनं मरत नाहीत. त्या पायरॉप्टोसिसनं मरतात. हीही नियोजितच, पण ज्वलनासारखी तऱ्हा. कॅस्पेज-३ ऐवजी कॅस्पेज-१ असतं, पेशी फुगून फुटते आणि दाह पेटवणारी रसायनं बाहेर सोडते. ती रसायनं नव्या सीडी-४ पेशींना तिकडे बोलावतात आणि त्याही मरतात. या पेशींत विषाणू शिरलेला असतो, पण त्याचं उलट लिप्यंतरण, म्हणजे आरएनएपासून डीएनए बनवणं, अर्ध्यावर अडतं आणि अर्धवट डीएनए पेशीच्या पहाऱ्याला सापडतो. पुरावा औषधांचा होता. दार बंद करणारी औषधं दिली की मरण थांबतं. उलट लिप्यंतरण सुरुवातीलाच रोखणारं इफॅविरेन्झ दिलं तरीही थांबतं. दार तर उघडलं आहे आणि तरी पेशी वाचली, मग मारणारं फक्त आवरण कसं? ब्लुमेन्थाल गटाच्या मांडणीला हा थेट विरोध आहे.

सेंट लुइसच्या लियांग शान यांच्या गटानं अलीकडे तिसरी बाजू मांडली आहे. २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं की पेशीतलं कार्ड-८ हे प्रथिन विषाणूच्या प्रोटीएज या प्रथिनं कापणाऱ्या विकराला ओळखतं आणि पायरॉप्टोसिस सुरू करतं. २०२४ मध्ये त्यापुढची पायरी आली. विषाणूचा कण आत येताना आपलं प्रोटीएज बरोबर आणतो. आवरणानं दार उघडलं की ते थेट पेशीत पडतं, आणि झोपेत असलेली, लागण होण्याच्याही लायकीची नसलेली पेशी काही तासांत मरते. एसआयव्ही अंगावर बाळगूनही आजारी न पडणाऱ्या आफ्रिकी माकडांच्या काही जातींत कार्ड-८ निकामी झालेलं असतं. सूटी मँगाबी या जातीत, त्याखेरीज, सीडी-४ च्या महत्त्वाच्या स्मृतिपेशींवर सीसीआर-५ कमी असतो, हे आधीच माहीत होतं. विषाणू रक्तात भरपूर आणि तरी पेशी शाबूत, या कोड्याला आता दोन उत्तरं आहेत आणि ती परस्परांना पूरक वाटतात.

या सगळ्यातून एचआयव्हीच्या आवरणाबद्दल माझा निष्कर्ष असा. ते स्वतः मारतं हे प्रयोगशाळेत खरं आहे. रुग्णाच्या शरीरात मात्र त्याचं मुख्य काम कुठल्या पेशीचं दार, किती पेशींचं आणि किती जोरानं उघडायचं हे ठरवणं आहे. पुढचा घाव कधी जीपी-४१ घालतं, कधी अर्धवट डीएनए, कधी प्रोटीएज. म्हणून आवरणाचा अभ्यास त्या-त्या भागातल्या विषाणूवर झाला पाहिजे. नारीमध्ये जयंत भट्टाचार्य, राजेश रिंगे आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास भारतीय रुग्णांतल्या विषाणूंची आवरण जनुकं वेगळी काढून तपासली, ती प्रामुख्यानं प्रतिपिंडांच्या आणि लसीच्या दृष्टीनं. तशाच साहित्यावर मरणाचा प्रश्न विचारता येतो.

दुसऱ्या विषाणूंत मात्र आवरणच खाटीक ठरल्याची उदाहरणं आहेत आणि त्यांतलं रेबीजचं मला सर्वांत विलक्षण वाटतं. रेबीजच्या विषाणूला चाव्याच्या जागेपासून मेंदूपर्यंत मज्जातंतूंच्या पेशींतून प्रवास करायचा असतो. वाटेत पेशी मेली तर प्रवास संपला. १९९९ मध्ये दिसून आलं की जे प्रकार पेशींत जास्त ॲपॉप्टोसिस घडवतात ते प्राण्यासाठी कमी घातक असतात, आणि जे आपलं जी प्रथिन जपून, कमी प्रमाणात बनवतात ते जास्त घातक. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मोनिक लाफों यांच्या गटानं २०१० मध्ये कारण शोधलं. जी प्रथिनाची छोटी शेपटी पेशीच्या आत असते. तिच्या शेवटच्या चार अमिनो आम्लांतला एका जागचा फरक ठरवतो की ती पेशीतल्या कुठल्या प्रथिनांना धरणार. घातक प्रकाराची शेपटी चेतापेशीला जगवते, सौम्य प्रकाराची मारते. इथे पेशीचं मरण माणसाच्या बाजूचं आहे. एचआयव्हीच्या अगदी उलट.

डेंग्यूची गोष्ट थोडक्यात. चाकणच्या टायर-भंगाराच्या ढिगांत पावसाचं पाणी साचलं की दर वर्षी एडिस डासांची चर्चा होते. त्या विषाणूच्या आवरणातलं एम प्रथिन पेशीबाहेर जेमतेम चाळीस अमिनो आम्लांचं असतं. त्यातल्या शेवटच्या नऊ अमिनो आम्लांचा तुकडा एकटा पेशीत बनवला तरी ती ॲपॉप्टोसिसनं मरते, हे २००३ मध्ये फिलिप देप्रे यांच्या गटानं दाखवलं. चिकुनगुनियाचा चुलतभाऊ सिंडबिस विषाणू, त्याच्या ई-१ आणि ई-२ प्रथिनांचे पटलात रुतणारे भाग हेच मरणाला पुरे पडतात. चिकुनगुनिया आपल्याकडे १९७३ मध्ये बार्शीत आणि नंतर २००६ मध्ये राज्यभर पसरला. त्याच्यावर मात्र सिंडबिसचे निष्कर्ष जसेच्या तसे लावणं योग्य नाही.

कोविडनं हा सगळा विषय पुन्हा ताजा केला. २०२० मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते इथे कोविडनं मेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत अनेक केंद्रकांचे पेशीगोळे मोठ्या संख्येनं सापडले. १९८६ चं तेच चित्र, आता स्पाइक प्रथिनानं घडवलेलं. २०२१ च्या सुरुवातीला विदर्भातून पुढे आलेल्या विषाणूच्या, म्हणजे पुढे ज्याच्या घराण्यातला डेल्टा ठरला त्याच्या, स्पाइकमध्ये ६८१ क्रमांकाच्या जागी फ्युरिनला काप सोपा करणारा बदल होता. डेल्टाची पेशी जोडण्याची ताकद आधीच्या विषाणूंहून जास्त ठरली. त्या एप्रिलमध्ये चाकणच्या प्रकल्पांतला ऑक्सिजन कारखान्यांकडून काढून रुग्णालयांकडे वळवावा लागला होता. डिसेंबरमध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये राज्यातले ओमायक्रॉनचे सुरुवातीचे रुग्ण सापडले. ओमायक्रॉनच्या स्पाइकचे काप कमी होतात, तो पेशी कमी जोडतो, आणि फुप्फुसांची हानीही सरासरीनं कमी दिसली. लसीकरणाचा आणि आधीच्या लागणीचा त्यात मोठा वाटा आहे, सगळं श्रेय आवरणाला देता येणार नाही. तरी प्राण्यांवरच्या प्रयोगांत, लसीचा प्रश्नच नसताना, हाच फरक दिसला.

एचआयव्हीच्या उपचारांवर या सगळ्याचा परिणाम झाला तो वेळेच्या प्रश्नात. एप्रिल २००४ मध्ये सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा सीडी-४ चा आकडा २०० च्या खाली जाईपर्यंत थांबवलं जात असे. औषधं कमी होती, रुग्ण जास्त. २०११ मध्ये नारीचाही सहभाग असलेल्या एचपीटीएन ०५२ या आंतरराष्ट्रीय चाचणीनं दाखवलं की लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते. २०१७ पासून भारतात आकडा न बघता, निदान झालं की लगेच औषधं सुरू होतात. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात किंवा इतर कुठल्याही एआरटी केंद्रात आज मिळणाऱ्या टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राविर यांच्या गोळीनं विषाणूची नवी पैदास थांबते, आणि दारावर येणारे कणच उरत नाहीत. रक्तातला आकडा मग बहुतेकांत चांगला वर येतो. आतड्यातल्या पेशी मात्र पुष्कळ रुग्णांत पूर्ण भरून येत नाहीत आणि औषधं चालू असतानाही दाह थोडा रेंगाळतो. उशिरा निदान झालेल्या कामगाराला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त राहतो, त्यामागे हाही एक धागा आहे.

म्हणून मला पुढचं काम असं व्हावंसं वाटतं. सी उपप्रकाराची भारतीय आवरणं घ्यावीत, त्यांची पटलं जोडण्याची ताकद मोजावी आणि आतड्यातल्या सीसीआर-५ असलेल्या पेशींवर ती सोडावीत. मग एका गटात जीपी-४१ रोखावं, दुसऱ्यात उलट लिप्यंतरण, तिसऱ्यात प्रोटीएज. कुठल्या गटात ॲनेक्सिनचा हिरवा पुंजका लहान होतो आणि कुठल्या गटात कॅस्पेज-१ थंडावतं, हे एकाच विषाणूवर, एकाच ऊतीत, शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की ब्लुमेन्थाल, ग्रीन आणि शान यांच्यापैकी कुणाचं उत्तर आपल्या रुग्णांना किती लागू पडतं ते कळेल.